बाभळी आधी काढा

सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, गाळ साचल्यामुळं गावच्या तलावाला धोका, ही तुमच्या पेपरातली परवाची बातमी वाचली आणि पटली, पण खरा मुद्दा थोडा बाजूलाच राहिला असं वाटलं. आपल्या मराठवाड्यात ७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता लोकांनी जे पाझर तलाव बांधले त्यातले कितीतरी आज बाभळीनं भरलेत, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि भरावात, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधात, आतून पाण्याला वाट होते. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही, म्हणून सांडवा मोकळा पाहिजे, आणि आपलेच लोक चार दिवस पाणी जास्त थांबावं म्हणून तिथं पोती रचतात! (दुष्काळ बघितलेला माणूस दुसरं काय करणार म्हणा.) २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठराविक धरणांनाच लागू आहे, बाकी लहान तलाव वाऱ्यावर. २ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला म्हणून त्यांच्यावर खापर फोडून झालं. निदान मे महिन्यात प्रत्येक तलावाचा सांडवा आणि भराव इंजिनिअरनं पायी फिरून बघावा आणि रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावावा.

— एक शेतकरी वाचक, जि. बीड