लोकरीच्या गालिच्याला प्रमाणित साबणच हवा

मा. संपादक,
स. न.

पाऊस सरला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हॉटेलांत, सभागृहांत गालिचे धुवायला काढतात. लोकरीचा गालिचाही सिंथेटिकसारखाच धुतला जातो आणि तिथेच बाद होतो. लोकर म्हणजे केसासारखंच प्रथिन. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; ७ म्हणजे मध्यम, त्यावर अल्कधर्मी) ११च्या आसपास; त्याने लोकर पिवळी पडते, राठ होते, रंग सुटतो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये ती चक्क विरघळते. एन्झाइमवाल्या पावडरीतलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, दुधाचा डाग खातं, तसा लोकरीचा तंतूही खातं.

बाटलीवरचं मेंढीचं चित्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ब्रिटनमधली वूलसेफ संस्था उत्पादनं तपासून प्रमाणित करते: डाग निघतो का, रंग टिकतो का, पीएच किती, वाळल्यावर चिकटा मागे राहतो का. आपल्याकडे ही शेवटची तपासणी फार मोलाची, कारण चिकट गालिच्यावर तांबडी माती लगेच पुन्हा धरते. सफाई करणाऱ्यांनाही ही संस्था शिकवून मान्यता देते.

प्रमाणित द्रावण मिळत नसेल तर निदान एवढं करा. पांढऱ्या कागदावर ओली हळद फासून वाळवा, वापरायच्या प्रमाणात पातळ केलेल्या द्रावणाचा थेंब टाका. हळद लाल झाली तर ते द्रावण सोड्यासारखं अल्कधर्मी आहे; लोकरीला लावू नका. मात्र चिकटा किंवा एन्झाइम हळद सांगत नाही. रंग सुटतो का हे पाहायला गालिच्याच्या कोपऱ्यात थेंब टाकून पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून धरा.

माती आधी पूर्ण वाळू द्या, उलट-सुलट व्हॅक्यूम करा, मगच पाणी. लोकर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात ठेवते आणि तरी हाताला कोरडी लागते. म्हणून कोपरा उलटून पाठ चाचपा. पाठीला ताग असेल आणि पाणी जास्त झालं, तर तागाचा तपकिरी रंग वाळताना वर चढून लोकरीच्या टोकांवर बसतो. हे डाग घासून जात नाहीत. पाणी मशीनने ओढून घ्या, गालिचा जमिनीपासून उचलून दोन्ही बाजूंनी पंखा लावा. कडक उन्हात टाकू नका.

शासकीय विश्रामगृहं आणि हॉटेलं सफाईचं कंत्राट देतात, तेव्हा उत्पादनाचं नाव, प्रमाणपत्राची प्रत, पीएच आणि पाण्याचं प्रमाण लेखी मागावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी