बाबांचा हिशेब: २१,६००

बडोदे,
६ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पुण्यात दादाकडे थंडी कशी आहे? इथे उत्तरायणाची धामधूम आहे. दांडिया बाजारात तारांवर आत्ताच पतंग लटकलेत. आई, लीलो चिवडो कुणाबरोबर तरी पाठवते. रोज फोन होतोच, पण असलं काही बोलायला गेले की तू "जेवतेस ना नीट?" विचारतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पत्र.

ऑक्टोबरात प्लांटला ऑडिट होतं. 'छान झालं' असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं. ऑडिटरने एका बॅच रेकॉर्डवर, म्हणजे एका खेपेच्या उत्पादनाच्या नोंदीवर, बोट ठेवून विचारलं, "इथे खाडाखोड का?" उत्तर अगदी साधं होतं. वजनाचा आकडा चुकला होता, तो एका रेघेने खोडून बाजूला सही, तारीख आणि कारण लिहिलं होतं. नियमानुसारच. एकोणीस वर्षं मी हेच काम करतेय. पण तोंडातून शब्द फुटेना. पेनाचं टोपण काढत-घालत बसले, आणि दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोराने माझ्या वतीने उत्तर दिलं.

त्यानंतर काही खरं नव्हतं. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत वर. एक मेल सात-सात वेळा वाचायचा.

बाबा, रागावू नका. रात्री डोळ्यांपुढे ऑडिटर यायचा नाही, तुम्ही यायचात. घरी पाहुणे आले की तुम्ही म्हणायचात, "ही आमची हुशार." नाव मागाहून. कौतुकच होतं ते, मलाही गोड लागायचं. पण हुशार मुलीला एक दिवस उत्तर आलं नाही, तर मागे उरतं कोण?

त्याचंही उत्तर तुम्हीच देऊन ठेवलं होतंत, माझं लक्ष नव्हतं. नोव्हेंबरात मैत्रीण आली, तिला योगी अरविंद घोषांचं घर पाहायचं होतं. आपल्या गल्लीपासून दहा मिनिटांवर, आणि मी आत गेले नव्हते कित्येक वर्षांत! १८९३ ते १९०६ ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, एवढं घोकलेलं. तिथल्या शांत खोलीत बसल्यावर मात्र तुमची लेल्यांची गोष्ट आठवली. १९०८ च्या जानेवारीत सरदार मजुमदारांच्या वाड्यातली वरची खोली, तीन दिवस ध्यानाला बसलेले अरविंद, आणि समोर योगी विष्णु भास्कर लेले. लेले म्हणाले, मनाकडे नुसतं बघा, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी परतवा. "एवढा विद्वान, पण शिकवायला आपला लेलेच लागला!" हे वाक्य तुम्ही दर वेळी मांडीवर थाप मारून म्हणायचात. मग त्याच महिन्यातलं अरविंदांचं मुंबईचं भाषण. मन रिकामं, बोलायचं काय? लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा.

विचार बाहेरून येतात, हे मला तेव्हा पटायचं नाही. आता गच्चीत कुणाचे कुणाचे कापलेले पतंग येऊन पडतात ना, तसं वाटतं. लहानपणी मी ते सगळे गोळा करून पलंगाखाली ठेवायची. 'तुला काही येत नाही' हाही तसलाच एक, आणि खरं सांगू, 'हुशार'सुद्धा.

घरी येऊन झोपाळ्यावर बसले आणि आजीचं सोहं सुरू केलं. श्वास आत घेताना सो, सोडताना हं. तो मी आहे. पहिले आठ दिवस नुसती झोप आली. मग एकदा छातीत धडधडत असताना लक्षात आलं, ही धडधड मला कळतेय. घाबरलेली मनू दिसतेय, म्हणजे बघणारं कुणीतरी तिच्या मागे बसलंय, आणि ते मुळीच घाबरलेलं नाही. त्याला मार्क मिळाले नव्हते, नापासही कुणी केलं नव्हतं. यापुढचं मला लिहिता येत नाही.

डिसेंबरात पुन्हा ऑडिट झालं. हात गार पडलेच. मी टोपण खाली ठेवलं, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "रेकॉर्ड बघून सांगते." बघितलं, सांगितलं. त्यातही एक त्रुटी निघालीच, पण रात्री झोप लागली.

परवा कपाटात तुमचा कागद सापडला, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावरचा. मिनिटाला १५ श्वास, तासाला ९००, दिवसाला २१,६००. खाली बँकेतल्या सवयीने दोन रेघा आणि सही! योगशास्त्रातला दिवसभराच्या श्वासांचा आकडा ताळेबंदासारखा जुळवलात. फक्त एक विचारायचंय, झोपेतले श्वास संथ असतात, ते यात कसे धरलेत?

तुमची,
मनू