हेगेबाइन्टमची पांढरी

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

ताईकडे नेदरलँडमधल्या लेवार्डनला सुखरूप पोचलो. वारा फार, कानटोपी काढवत नाही. रविवारी जावईबापूंनी हेगेबाइन्टमला नेलं. गाव आपल्या मळ्यातल्या वस्तीएवढंच. चहूकडे पाटासारखी सपाट जमीन, त्यात एक टेकाड आणि टेकाडावर चर्च. उंची समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर. तू हसशील, पण नेदरलँडमधलं सर्वांत उंच टेर्प हेच.

टेर्प म्हणजे माणसांनी रचलेली पांढरी, जुन्या वस्तीचं टेकाड. पूर्वी इथे बांध नव्हते, उधाणाचं पाणी थेट दारात. म्हणून लोक शेण, चिखल, गवतासकट कापलेली ढेकळं टाकत गेले आणि शेकडो वर्षांत घरं वर चढली. समुद्राला बांध घातले ते इसवी सन १००० च्या आसपास.

आता ऐक. एवढं शेण मुरलेली माती, म्हणजे खतच की! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती खोदून विकायला काढली. होड्या भरभरून दूरच्या हलक्या रानांत गेली. खोदताना जुनी दफनं निघाली, तरी काम चालूच. चर्च आणि थोडी घरं तेवढी वाचली. चर्चच्या एका अंगाला उतार असा तुटलाय, की विहिरीच्या काठावर उभं राहिल्यागत वाटतं. मी मागे सरलो.

चर्च बाराव्या शतकातलं, दगड जर्मनीतून आणलेला. आत जमीनदार घराण्यांतल्या मयतांचे १६ लाकडी फलक आहेत. त्यांवर कुळाची चिन्हं, कवट्या, वाळूची घड्याळं. एकेक फलक दारापेक्षा देखणा. माझं लक्ष मात्र बाहेरच्या मातीकडे.

आबा आणि मी गाडीबैलानं गावामागच्या पांढरीची माती कांद्याला वाहायचो. दर खेपेला खापरं निघायची, आम्ही बांधावर भिरकावायचो. तेव्हा कोण बोलणार? आता तो जेसीबीवाला त्याच मातीचे खेपेवर पैसे देतो म्हणतोय. मी येईस्तोवर त्याला हो म्हणू नकोस. रागावला तर रागावू दे.

काळ्या रेघांचं एक लाल खापर तू लहानपणी जपून ठेवलं होतंस. माडीवर पत्र्याच्या डब्यात असेल, तेवढं बघून ठेव.

तुझा,
बाबा