पोच

तासगाव

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे, म्हणून जे तोंडाने नीट सांगता आले नाही ते लिहून पाठवतो. सरपंचपदाची निवडणूक लढवायची म्हणून तू नोकरी सोडलीस, याविषयी मात्र एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे.

"माणसे बदलली की कारभार बदलतो, अण्णा," असे तू म्हणालास. 1985 ते 1986 या साधारण वर्षभरात राज्याने वसंतदादा, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे तीन मुख्यमंत्री पाहिले. आमच्या रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) शाखेत त्यामुळे एक कागददेखील इकडचा तिकडे झाला नाही. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती आली, सत्तेतले पक्षच बदलले, तेव्हा विश्रामगृहावर जेवण कोणासाठी सांगायचे एवढे बदलले. सरपंच झालास तरी ग्रामसेवक, दप्तर आणि शेरे मारण्याची रीत तीच राहणार आहे, आणि तुझ्या घराचा हप्ता तर त्याहूनही ठाम आहे.

असो. पुन्हा तिकडेच गेलो.

रागाच्या भरात सांगायचे राहिले ते असे. 1972 च्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडायला जात असे आणि मी चौदा वर्षांचा असताना तिची भाकरी पोहोचवीत असे. ते काम सरकारच्या मर्जीवर होते. मुकादम "उद्यापासून बंद" म्हणाला की बायका मुकाट्याने घमेली उचलून घरी येत. पुढे काम मागणे हा हक्क झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली आपल्याच तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमीचा कायदा आला. 1978 मध्ये सरकार बदलले, तरी 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला, कारण तोवर ही हमी कोणा एका पुढाऱ्याची कृपा उरली नव्हती. तुझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जाई, तो कर मुळात या हमीसाठीच बसवलेला. आता पगारच नाही म्हटल्यावर... हेही लिहायचे नव्हते.

पागे निवडून गेलेलेच होते, हे तू म्हणशील, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कायद्याचे पुढे काय होते ते मी आतून पाहिले आहे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, आणि ते पंधरा दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून 1986 च्या उन्हाळ्यात वरून तोंडी सांगणे आले, की अर्ज घ्या, पण तारखेची पोच देऊ नका. मी तसेच केले. आजीच्या वयाच्या एक बाई तीन वेळा आल्या. मी त्यांना तीन वेळा "साहेब दौऱ्यावर आहेत" असे सांगितले आणि साहेब आतच चहा घेत होते. त्यांचा अर्ज कितीतरी दिवस माझ्याच खणात होता. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेले नाही.

त्या वेळी मंत्रालयात कोण बसले होते याने त्या बाईंना काही फरक पडला नसता. खिडकीशी कोणी शेजारी उभे राहून "पोच द्या" म्हणाले असते, तर मला द्यावी लागली असती. तू तसा उभा राहशील, हे मला पक्के माहीत आहे. शाळेत गुणपत्रिका फेरतपासणीला तूच पाठवली होतीस. म्हणूनच भीती वाटते, कारण असे उभे राहणाऱ्याला आमच्यासारखे लोक कसे दमवतात ते मी जाणतो, आणि तुझे पित्त तुला ठाऊक आहे.

फार उपदेश झाला, क्षमा कर. शनिवारी ये, उमेदवारी अर्जातले रकाने मी तपासून देतो. तो दाखल केल्यावर तारीख आणि वेळ टाकलेली पोच हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. ताईकडे शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

आणि राजीनामा परत घेण्याची मुदत कधीपर्यंत आहे, तेवढे कळव.

तुझे,
अण्णा