वयाच्या अटीपुढचा प्रश्न

महोदय,

समाजमाध्यमांपासून मुलांचे रक्षण करायचे म्हणजे वापरासाठी किमान वय ठरवायचे, असे समीकरण सध्याच्या चर्चेत रुजू लागले आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तसा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी लागू झाली. अंमलबजावणीची जबाबदारी मुले किंवा पालक यांच्यावर न टाकता कंपन्यांवर टाकली आणि कसूर झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली, ही या कायद्याची जमेची बाजू. मात्र पंधराव्या वर्षी जी यंत्रणा अपायकारक मानली जाते, तीच सोळाव्या वाढदिवशी जशीच्या तशी मुलाच्या हाती पडते. म्हणून चर्चा वयापाशी न थांबता त्या यंत्रणेच्या रचनेपर्यंत जावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

समाजमाध्यम उघडल्यावर काय दिसावे, हे पूर्वी प्रामुख्याने आपण कोणाशी जोडलेलो आहोत यावर ठरत असे; आता ते मोठ्या प्रमाणावर अल्गोरिदम, म्हणजे संगणकीय निवडप्रणाली, ठरवतो. या अल्गोरिदमला मुलाचे मन कळत नाही, कळते ती त्याची वर्तणूक: कोणत्या रीलवर बोट किती सेकंद थबकले, ती पुन्हा पाहिली का, पुढे कोणाला पाठवली. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशी ठरवताना व्हिडिओ किती वेळा उघडला गेला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन देण्यास सुरुवात केली. फसव्या शीर्षकांना आळा घालण्याचा त्यामागील हेतू गैर नव्हता. पण वेळ हेच मुख्य माप ठरले, की कुतूहल, भीती, मत्सर, किळस किंवा न्यूनगंड यांपैकी कशामुळेही थबकलेले बोट यंत्राच्या हिशेबात ‘आवड’ म्हणूनच जमा होते. एका अपघाताची चित्रफीत नजर हटली नाही म्हणून मी शेवटपर्यंत पाहिली, तर पुढचा आठवडाभर माझ्यासमोर अपघातच येत राहिले. प्रौढ माणूस वैतागून फोन बाजूला ठेवू शकतो. स्वतःच्या शरीराविषयी आधीच साशंक असलेली तेरा वर्षांची मुलगी वजन घटवण्याच्या चित्रफितीवर थबकते, तेव्हा तिची शंकाच यंत्रासाठी मागणी ठरते आणि पुरवठा सुरू होतो.

हा पुरवठा कोणत्या टोकाला जाऊ शकतो, हे ब्रिटनमधील मॉली रसेल या चौदा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या चौकशीत दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वतःला केलेल्या इजेमुळे तिचा मृत्यू झाला. आधीच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणे आणि आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या, असे नोंदवले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी या मजकुराचा तिच्या मृत्यूस हातभार लागल्याचा निष्कर्ष काढला. त्यांपैकी काही मजकूर तिने न मागताच अल्गोरिदमने तिच्यापुढे ठेवला होता, हेही नमूद केले.

एका दुर्दैवी घटनेवरून सरसकट अनुमान काढू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. सरासरीने पाहता समाजमाध्यमांचा मुलांच्या मानसिक आरोग्यावरील परिणाम किती, याविषयी संशोधकांत खरोखरच मतभेद आहेत आणि एकाकी पडलेल्या अनेक मुलांना तेथे आधारही मिळतो. परंतु प्रत्येकाचे फीड, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारा मजकूर, वेगळे असल्यामुळे सरासरी येथे फारसे काही सांगत नाही. शंभर मुलांना गाण्यांच्या आणि खेळांच्या रील दिसत असतील, तर एकशे एकाव्याला काय दिसते हे त्याच्या आईवडिलांनाही कळण्याचा मार्ग नसतो. ते कळते फक्त कंपनीला. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी २०२१ मध्ये, इन्स्टाग्रामचीही मालक असलेल्या त्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, तेव्हा किशोरवयीन मुलींच्या मनातील स्वतःच्या शरीराविषयीच्या प्रतिमेवर इन्स्टाग्रामच्या होणाऱ्या परिणामाचा अभ्यास कंपनीने स्वतःच केला होता, हे जगाला समजले. पालकांनी लक्ष द्यावे हा सल्ला चुकीचा नाही, पण जे दिसतच नाही त्यावर त्यांनी लक्ष तरी कसे ठेवावे?

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने दिशा दाखवली आहे. अल्पवयीनांना त्यांच्या माहितीच्या आधारे लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास त्यात मनाई आहे, आणि अतिमोठ्या माध्यमांनी वापरकर्त्याच्या वर्तणुकीवर न बेतलेले फीड हा पर्याय देणे बंधनकारक आहे. पर्याय देणे आणि तो सापडू देणे यांत मात्र अंतर असते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर असे फीड निवडले, तरी ती निवड टिकत नाही, ही तक्रार नेदरलँड्समध्ये न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने तेथील वापरकर्त्यांची निवड कायम राहील अशी सोय करण्याचा आदेश या दोन्ही माध्यमांची मालक कंपनी मेटाला दिला. प्रौढांना ज्यासाठी न्यायालयात जावे लागते, ते एखादे मूल सेटिंगच्या चार पडद्यांआड शोधून काढील, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. अल्पवयीनाच्या खात्यात ते फीड मुळातच चालू असावे. आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत आणि रात्रीची नोटिफिकेशन मुळातच बंद असावीत. आणि आजवर साठलेली ‘आवड’ पुसून नव्याने सुरुवात करण्याचे बटण पहिल्याच पानावर असावे. यांपैकी काही सोयी काही कंपन्यांनी किशोरांच्या खात्यांसाठी आणल्या आहेत, म्हणजे तंत्रज्ञानाची अडचण नाही. अडचण वेळेच्या हिशेबाची आहे, कारण जाहिरातींचे उत्पन्न त्यावर उभे आहे.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा काही अपवाद वगळता अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असताना, मुलाचे बोट कोणत्या रीलवर किती सेकंद थबकले याची नोंद ठेवून त्याला पुढची रील दाखवणे ही पाळत ठरते की नाही, याचे उत्तर संबंधित मंत्रालयाने स्पष्ट शब्दांत द्यावे.

आपली,
एक वाचक