विवेकवाहिनीला एक खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. कॉलेजांत भाषणं होतील, फोटोला हार घातले जातील. माझं मागणं कामापुरतं आहे. जी मुलं विवेकवाहिनी, म्हणजे अंधश्रद्धा तपासून पाहणारा विद्यार्थ्यांचा गट, चालवू पाहतात त्यांना आठवड्यातून एक तास, एक खोली आणि पाठीशी उभे राहतील असे एक सर किंवा मॅडम द्या.

मी २८ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एकदा आमच्या मुलांनी सुरीच्या पात्याला जास्वंदीचा रस चोळून वाळवला आणि सगळ्यांदेखत लिंबू कापलं. लाल थेंब ओघळले. मग शेंडीत सोडियमचा खडा लपवलेला नारळ आणला. मी शेजारीच उभी होते. पाणी शिंपडताच तो पेटला आणि वर्गात टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तास संपल्यावर म्हणाली, "मॅडम, करणी काढायला आमच्या घरी असाच नारळ पेटवला होता. आईनं त्यासाठी डोरलं मोडलं."

पुढच्याच वर्षी गट बंद पडला. एका पालकाचा फोन आला आणि 'उगाच वाद नको' म्हणून वरून परवानगी काढून घेतली गेली. त्याच कॉलेजात सत्यनारायण दरवर्षी होतो, त्याला परवानगी लागत नाही. घरी पूजा ज्याने त्याने जरूर करावी. या मुलांनी कुणाचा देव हिरावला नव्हता. चमत्काराच्या नावाने लोकांना लुबाडणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी जोपासणं १९७६ पासून घटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मुलं ते कर्तव्यच करत होती. तरी माफी मागायला लावली ती त्यांनाच, याचं मला आजही वाईट वाटतं.

समाजसुधारक आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्या विरोधकांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात काढली होती. तरी १८९५ मध्ये निधन होईपर्यंत ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. आजच्या प्राचार्यांना तर एक फोन सोसायचा आहे. तो आला की "मुलं माझ्या परवानगीने बसतात, तुम्हीही येऊन बघा," एवढं त्यांनी म्हणावं. आणि २० ऑगस्टच्या आधी नोटीस बोर्डावर एक कागद लागावा: विवेकवाहिनी, वार, वेळ, खोली क्रमांक.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा