खोकल्याने हृदय चालू राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मांजराच्या करामतींखाली ‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोराने खोका’ हा सल्ला तुम्ही जसाच्या तसा छापला. गमतीजमती जरूर छापा, लोक आवडीने वाचतात. पण हा मजकूर १९९९ पासून आधी ई-मेलवर आणि आता व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यात अमेरिकेतल्या ज्या रोचेस्टर जनरल हॉस्पिटलचे नाव असते, त्यानेच तो आपला नाही असे सांगून टाकले आहे. एवढी चौकशी तरी करायची होती. छापून आलेले कात्रण लोक कपाटाच्या दारावर चिकटवतात आणि वेळ आली की त्याप्रमाणे वागतात.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने तुंबते, पण हृदय धडधडत असते आणि माणूस सहसा शुद्धीवर असतो. खोकल्याने ती गुठळी सुटत नाही, हाताशी असलेली मिनिटे मात्र वाया जातात. हृदयच बंद पडले तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, मग खोकणार कोण? खोकल्याचा उल्लेख १९७६ च्या एका वैद्यकीय लेखात आहे. अँजिओग्राफी चालू असताना काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके बिघडले. डॉक्टरांनी त्यांना दर एक ते तीन सेकंदांनी खोकायला लावले आणि ते २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. तेव्हा मॉनिटर लावलेला होता आणि शॉक देण्याचे यंत्र शेजारीच होते. घरात एकट्या माणसाजवळ यातले काय असते?

छापायचेच तर हे छापा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली की आधी १०८ लावा आणि दाराची कडी काढून ठेवा. भिंतीला पाठ टेकून, गुडघे दुमडून बसा. जिने चढउतार करू नका, स्कूटर काढू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, चावून खा. या गोळीवर बहुधा आवरण असते, अख्खी गिळली तर ती उशिरा लागू पडते. घाईत हाताला पॅरासिटामॉल लागते, तिचा इथे उपयोग नाही. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवायची हृदयविकाराची गोळी, तर मुळीच घेऊ नका, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तो आणखी कोसळतो.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर त्याला जमिनीवर उताणा घ्या. पलंगावर दाबले तर गादीच दबते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला, कारण थकलेला हात खोल दाबत नाही. सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘घोरतोय, म्हणजे ठीक आहे’ असे समजणे. मधूनच येणारे ते आचके श्वास नसतात, त्याच क्षणी दाबायला सुरुवात करायची असते.

त्याच पानावर वरातीत नाचताना कोसळलेल्या माणसाच्या व्हिडिओचा क्यूआर कोडही होता. लोक त्याच्या तोंडावर पाणी मारताहेत, तळपाय चोळताहेत, कांदा हुंगवताहेत, आणि छातीवर एकाचाही हात नाही. कुणाचे तरी मरण करमणुकीच्या पानावर देणे मला अत्यंत क्लेशदायक वाटले. द्यायचेच होते तर तिथे काय करायला हवे होते, त्याच्या दोन ओळी खाली द्यायच्या.

शब्दकोड्याचे उत्तर चुकले की तुम्ही पुढच्या अंकात त्याच जागी दुरुस्ती देता. ही दुरुस्तीही त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत येत्या रविवारी यावी. आतल्या पानावरचा बारीक टाइपातला खुलासा कुणी वाचत नाही. मजकूर छापण्यापूर्वी शहरातल्या कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या.

आपला,
एक प्रथमोपचार प्रशिक्षक, सातारा